केळीच्या खांबांचं कार्ड

जळगाव,
२ ऑगस्ट १९९१

प्रिय यशोदा,

साक्रीला पेरणीपुरता पाऊस झाल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. बरं वाटलं. इकडे तुझ्या आईने या वयात धंदा काढला आहे आणि मला कामाला जुंपलं आहे. असोद्याला कौतिकमामाच्या बागेत केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापून बांधावर फेकतात ना, त्यातली काही तिने मागच्या वर्षी वाढू दिली आणि श्रावणातल्या कानबाईच्या पूजेसाठी खांब म्हणून बाजारात आणली. दुपारपर्यंत एक उरला नाही. मग सत्यनारायण, गौरी, लक्ष्मीपूजन, लोक पत्ता विचारत राहिले. म्हणून यंदा बाईसाहेबांना व्हिजिटिंग कार्ड हवं. प्रेस घरचाच, जन्मभर दुसऱ्यांची कार्डं छापली. मला वाटलं, तासाभराचं काम.

मी ऐटीत केळ काढली आणि तिला हा एवढा लोंबता घड लावला. तुझी आई तोंडाला पदर लावून हसत सुटली. म्हणाली, “आहो, घड आलेली केळ पूजेले कोन लावते? ते तं कापाची केळ!” घड उतरला की त्या झाडाचं आयुष्य संपलं, देवापुढे उभी करायची ती अजून वाढती केळ. अख्ख्या असोद्याला हे ठाऊक. मी पडलो जळगावचा, केळी पाहिली ती हातगाडीवर.

हसता हसता तिला काही आठवलं. उठली, ट्रंकेच्या तळातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तो कागद तू विसरली नसशील. सातवीत, चित्रकलेच्या एलिमेंट्री परीक्षेआधी काढलेली तुझी केळ, आणि तिच्यावर माझ्या लाल पेन्सिलीने काढलेला घड. मला प्रुफं तपासायची खोड. ‘घडाशिवाय केळ कसली?’ म्हणत पाहुण्यांसमोर मी ती दुरुस्त केली होती. त्यानंतर तू परीक्षेला बसली नाहीस, रंगपेटी शेजारच्या ताईबाईला देऊन टाकलीस. आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की पोरीला चिकाटी नाही. तुझ्या रुखवतातली चित्रंसुद्धा दुसऱ्या कुणाकडून काढून घेतली.

परवा तो कागद घेऊन मी असोद्याच्या बसमध्ये बसलो. बागेत गेलो, कागद झाडाशेजारी धरला आणि एकेक पान ताडून पाहिलं. वाऱ्याच्या अंगाची पानं फाटून झिरमिळ्या झालेली, आडोशाची धड. तू तशीच काढली होतीस. मधल्या कोवळ्या पानाचा पोंगा अजून उलगडायचा होता, त्याच्या टोकाला सुकलेली बारीक शेपटी होती, तीही कागदावर होती. बुडाशी पिल आईपासून जरा बाहेर झुकून उजेड शोधत होतं. बारा वर्षांची पोर सुट्टीत चार दिवस मामाकडे राहते आणि एवढं पाहून येते! मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. पाटाचं पाणी चपलेत शिरलं तेव्हा कौतिक म्हणाला, “दाजी, काही हारपलं का?”

छपाईसाठी चित्राचा ब्लॉक करायला देण्याआधी माझा घड झाकणं भाग होतं, कारण ब्लॉकमध्ये लाल रेघही काळीच उमटते. पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन बसलो. तुझ्या एकाही रेघेला धक्का लागू द्यायचा नव्हता. अख्खी दुपार गेली. तो घड काढायला मला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

सोबत कच्चं प्रूफ आहे. वर आईचं नाव, ‘शेवंताबाई, असोदा. सणावाराचे केळीचे खांब’, मधोमध तुझी केळ, आणि आपण जिथे प्रेसचं नाव टाकतो तिथे ‘चित्र : यशोदा’. नुसतं कार्ड दाखवायचं असतं तर छापून झाल्यावरही पाठवता आलं असतं. माझं चुकलं, यशोदे. हे तोंडाने म्हणायचं धाडस तेरा वर्षांत झालं नाही, म्हणून हे पत्र. कानबाईला पंधरा दिवस उरलेत, आई रोज विचारते, तरी मी मशीन थांबवून ठेवलं आहे. माझी लाल पेन्सिल पाकिटात घातली आहे. या वेळी प्रूफ तू तपास.

तुझेच,
नाना