वरच्याने बोलत राहायचं

कामण,
मंगळवार, ८ जुलै २०२५

प्रल्हादकाका,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा जरा बरा आहे, लावणी निम्मी उरकली. काकूंनी दिलेलं लिंबाचं लोणचं संपत आलंय, बाबा आता बरणी धुऊन पितील अशी लक्षणं आहेत. जितेंद्रच्या लेकीचं बारसं छान झालं म्हणे. मला बोलावणं नव्हतं, पण असू दे.

असू दे कसलं! तुमच्या घरचं कार्य आणि जागृती नाही, असं कधी झालंय का?

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज उघडत नाही. मी अग्निशमन केंद्रात शिरले की तुम्ही बंबाचं बॉनेट उघडून उभे. अहो, त्या गाडीला काही झालेलं नाही! म्हणून शेवटी कागद घेतला. उद्या ड्युटी बदलताना हातात देईन. काकूंना दाखवू नका, त्यांचा बीपी वाढेल.

कंट्रोल रूमचं काम बरं चाललंय. फोन घ्यायचा, पत्ता विचारायचा, गाडी सोडायची. काल आचोळ्यातून एका आजोबांचा फोन. पोपट पळून विजेच्या तारेवर बसलाय, गाडी पाठवा. म्हटलं, आजोबा, पक्षी आहे तो, त्याचा तो उतरेल. पूर्वी असलं काही झालं की आधी धावत येऊन तुम्हाला सांगायचे.

बघा, पोपटाच्या गोष्टी लिहीत बसलेय. मुद्द्याला हात घालवत नाही.

मनाची तपासणी करायला त्या डॉक्टरबाई आल्या होत्या ना? भीती वाटते का, झोप लागते का, हात थरथरतात का. मी म्हटलं, हो, वाटते भीती. बाबांनी लहानपणापासून तेच शिकवलंय, "पान्याला भ्यायचं पोरी, मंग पानी सोडतं." तुम्ही सगळ्याला 'नाही' म्हणालात. बाहेर आल्यावर मी चिडवलंही, काका, तुम्ही माणूस आहात की पंप? तुम्ही हसला नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं. पण एकदा माणूस आपला म्हटला की मी ठार आंधळी.

मग गुरुवारी साहेबांनी दोघांना आत बोलावलं. म्हणाले, "प्रल्हाद, डॉक्टर म्हणतात हिला भीती आहे, पण काम करेल. तू हिचा दोर धरतोस, तूच सांग."

आणि तुम्ही बुटाकडे बघत म्हणालात, "घाबरते साहेब. खाली लटकली की गप्प होते. हाक मारली तरी उत्तर देत नाही. हिला खाली सोडू नका."

माझ्यासमोर, काका! हातभर अंतरावर उभी होते मी. आणि दुसऱ्या दिवसापासून दोरावरून काढून कंट्रोल रूममध्ये.

कोण गप्प झालं होतं? आता लिहितेच.

वरच्याने बोलत राहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. दोर धरणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं नाही. भाजीचं बोल, शेजाऱ्याचं बोल, पण आवाज येऊ दे, कारण खालच्याला वरचा हात दिसत नसतो. आवाज आहे म्हणजे माणूस भानावर आहे. तुमची सुरुवात ठरलेली, "जागृती, आज डब्यात काय?"

डॉक्टरबाई यायच्या आधी, चिंचोटीच्या धबधब्यावर त्या दिवशी फिरायला आलेल्या नॅन्सीबाई पाय मोडून खालच्या कातळावर अडकल्या होत्या. मी उतरले, त्यांना पट्ट्याने माझ्याशी बांधलं आणि 'ओढा' म्हटलं. कल्पेश आणि बाकीचे दगडाआड, त्यांना आम्ही दिसत नव्हतो, ते तुमच्या शब्दावर ओढत होते. तुम्ही नातीला काय नाव ठेवायचं ते सांगत होतात. आम्ही अर्ध्यावर आलो आणि तुमचा आवाज बंद झाला. दोर थांबला. डोक्यावर धबधबा, पायाखाली काही नाही. बाई 'नमो मरिये' ही त्यांची प्रार्थना म्हणायला लागल्या. मी काका, काका म्हणून गळा फाडला. शेवटी काय सुचलं कोण जाणे, ओरडले, "काका, आज डब्यात काय?" पुन्हा ओरडले. पुन्हा. मग वरून आवाज आला, एवढासा, "भेंडी." म्हटलं, "मग सांगा ना, कशी केलीय काकूंनी?" तुम्ही सांगायला लागलात आणि दोर हलला.

वर आले तर तुमचा चेहरा पांढराफटक. कल्पेशने विचारलं, मध्येच का थांबवलं? मी म्हटलं, मीच थांबा म्हणाले, बाईंचा पट्टा सैल वाटला. साहेबांनाही तेच सांगितलं. परतताना गाडीत माझा हात धरून तुम्ही रडलात. "खाली बघितलं आणि मला काही कळेनासंच झालं, पोरी. कुणाला सांगू नको. निवृत्ती जवळ आलीय." मी सांगितलं नाही. बाबांनाही नाही. तुम्ही भ्यालात म्हणून मी तुम्हाला कमी लेखलं नव्हतं हो! उद्या माझं तसं झालं तर काका सावरतील, एवढंच मनात आलं. खुळी कुठली!

तुम्ही तुमचीच गोष्ट उचललीत आणि माझ्या नावावर खपवलीत. केसाने गळा कापलात माझा.

आता मी तोंड उघडलं तर साहेब म्हणणार, जागा गेली म्हणून राग काढतेय. चांगलं डोकं चालवलंत. तुमच्याकडून सगळ्या गाठी शिकले, ही एक राहिली होती.

तरी गिळलं असतं. खूप रडले, आणखी थोडं रडून गप्प बसले असते. पण आज फळ्यावर वाचलं. रविवारी चिंचोटीला बंदोबस्त, खाली उतरणार आर्या आणि दोरावर तुम्ही. काका, ती पोर आत्ता आत्ता भरती झालीय. तुमच्या शब्दावर ती विहिरीतही उडी घेईल, जशी मी घेत होते. तुमचं असं होतं हे तिला कुणी सांगितलंय? तुम्ही सांगितलंत?

शुक्रवारपर्यंत साहेबांकडे जा आणि खरं काय ते बोला. मी बरोबर येते. मीही त्यांच्याशी खोटं बोलले, तेही सांगते, होईल ती शिक्षा होऊ दे. तुम्ही गेला नाहीत तर शनिवारी मी एकटी जाईन. विश्वास ठेवोत न ठेवोत, जाईन.

नोकरी नाही जाणार तुमची. दोरावरून काढतील, फार तर कंट्रोल रूममध्ये बसवतील. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे. खुशाल बसा. पाणी देईन, चहा देईन. बोलणार मात्र नाही.

काकूंना नमस्कार. तुम्हाला वर एकदा लिहिलाय, तो सवयीने लिहिला गेला.

जागृती