कोरी काच

३, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस एकदम झकास गेला! नणंदेला बाहेर काम निघालं, म्हणून माझ्या चार वर्षांच्या लेकीला, आमच्या ढमीला, प्रयोगशाळेत सोबत न्यावं लागलं. मोठे सर नुसते हसले. काम सोपं आहे. यकृताची पातळ चकती काचेवर ठेवून तिच्यावर इन्फ्रारेड किरण सोडायचे. चरबी असेल तिथे पडद्यावर पिवळं दिसतं. त्याआधी रोज सकाळी तीच एक कोरी काच तपासायची, पडद्यावर काही दिसता कामा नये. मी वळले तेवढ्यात ढमीने त्याच काचेवर आपला गुबगुबीत पंजा ठेवला. द्वाड कुठली! काच पुसली आणि घरी आलो.

६, गुरुवार
कोरी काच नुसत्या डोळ्यांना लख्ख, पण पडद्यावर पिवळा पंजा. बोटांचा तेलकटपणा, दुसरं काय! धुतली, पुन्हा धुतली, तरी जात नाही. सर म्हणाले, नव्या लोकांचं हे नेहमीचंच, नीट पुसत जा. उभं राहून पायांचे तुकडे पडलेत.

११, मंगळवार
पंजा जाड झालाय. मोठा करून पाहिला तर आत गोल गोल पेशी, एकमेकींना चिकटलेल्या. हा तेलकटपणा नव्हे. ही कातडीखालची चरबी. दमलेय, नजर फसत असेल. घरी नणंद म्हणाली, वहिनी, पोरगी जेवते तर चांगली, मग फ्रॉक सैल कसा झाला?

१४, शुक्रवार
डॉक्टरांना काही सापडत नाही. गालच उरले नाहीत पोरीचे. इकडे काचेवर मनगटही उमटलंय. चिडून काच आपटली. फक्त कोपऱ्याचा टवका उडाला, आणि लगेच घरून फोन, ढमी हात धरून किंचाळतेय. फोडायचीही सोय नाही.

१८, मंगळवार
कालपासून स्वतःचा तळवा काचेवर दाबून बसते. घे बाई, काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. आज पडद्यावर माझा हात, लहान पंजा पुसट. घरी ढमी उड्या मारत होती! रडूच आलं मला.

२०, गुरुवार
लहान पंजा गेला. गेला! माझी अंगठी बोटातून गळते. सर म्हणतात, बारीक झालात, छान दिसता. जिना चढवत नाही. पोरगी वाचली, बस्स.

२१, शुक्रवार
खुर्चीतून उठवत नाही — नणंद न्यायला आलीय, दाराशी सरांशी बोलतेय — ढमी धावत आत — गाल हे एवढाले — पडद्यावर माझा हात बघून म्हणते, आई, तुझा हात एकटाच आहे — माझा आवाजच फुटत नाही — टाचा उंचावून काचेपाशी — ढमे, नको गं, हात नको ला