कुशीवर वळवायचं

तेर, २० सप्टेंबर २०२४
ती. राजेश्वरीआत्यास,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.
फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि इथं घरभर कान टवकारलेले, म्हणून पत्र. कृष्णराजला सांगून टाकलं. धाराशिवच्या बसमध्ये वर्षभर शेजारी बसतो, लग्नाचं बोलतो, आणि मला फिट येतात हे त्याला ठाऊक नाही, हे सोसवेना.  त्यानं विचारलं, फिट आली तर म्या काय करायचं? म्हटलं, काही नाही, फक्त कुशीवर वळवायचं. त्यानं तिथंच सीटवर माझी पिशवी आडवी ठेवून वळवून पाहिली. मी हसले आणि रडलेही.
अष्टमीला त्यांच्या घरी, जळकोटला, घटाच्या आरतीला बोलावलंय.
माया आहेच, ती राहू द्यावी.
आपली वैष्णवी

वाशी, २७ सप्टेंबर २०२४
चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.
पिशवीची एवढी काळजी घेणारा जावई मिळाला म्हणायचा! पण आजार कळला की पाहुणे अर्धा चहा टाकून उठतात, हे मी पाहिलंय, म्हणून जीव घाबरतो. त्याच्या आईला त्यानं आधी सांगावं. गोळी चुकवू नकोस आणि उपवास तर मुळीच नको. देवी काही उपाशी पोरींची वाट बघत बसलेली नाही.
म्हातारीला विसरू नकोस.
तुझी आत्या

तेर, १४ ऑक्टोबर २०२४
ती. आत्यास सा. न.
तुमचं ऐकलं नाही. त्याच्या आईनं, कस्तुराबाईंनी, उपवास धर म्हटलं आणि मला नाही म्हणवलं नाही. त्यानं घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. आरतीत संबळ वाजायला लागला आणि मला फिट आली.
शुद्धीवर आले तर कपाळभर मळवट, ओटीत खणनारळ, आणि कस्तुराबाई माझ्या पाया पडत होत्या. देवी अंगात येणारी सून लई नशिबानं मिळती म्हणाल्या. लग्न ठरलं, आत्या. दर मंगळवारी बायका मला प्रश्न विचारायला येणार आहेत. देवीच्या अंगाला गोळ्या कशाला, त्या बंद कर, असंही त्यांनी सांगितलं.
कृष्णराज म्हणतो, जमलंय तर गप ऱ्हा, गोळ्या लपून घे. आई-बाबा पेढे वाटतायत. खरं बोलले तर मोडतं, गप्प बसले तर जन्मभर देवी व्हायचं. 
त्याच्या बहिणीनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाहिला. मी पाठीवर पडलेय, तोंडाला फेस, आणि सगळं घर हात जोडून उभं. कृष्णराज माझ्या उशाशीच होता. त्याचेही हात जोडलेले होते.
तुमची माया तेवढी राहू द्या.
वैष्णवी