बंपरला तडा गेला नाही

प्रिय खारूताई,

तुझ्या कचेरीत तुला या नावाने कोणी ओळखत नसेल आणि ते योग्यच आहे. परंतु माझ्या हातून दुसरे नाव लिहिले जात नाही. आयुष्यभर मुद्रितशोधक म्हणून इतरांची वाक्ये सरळ केली. आज स्वतःची सरळ होत नाहीत. दोन कागद फाडून झाले आहेत.

गाडी रंगवायला घेतल्याचे तुझ्या बाबांनी तुला फोनवर सांगितलेच असेल. "यंदा सुटीला येतेय, स्टेशनवर आपली जुनी गाडी घेऊन या, टॅक्सीत मी बसणार नाही," असे तू गमतीने म्हणालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर तुझे बाबा गाडीवरची खोळ काढून चाकांपाशी बसलेले. तुझी आई गेल्यापासून ती गाडी कोणी हलवलीही नव्हती. तू वसतिगृहातून येणार असलीस की ते तासभर आधी स्टेशनावर जाऊन उभे राहत आणि आगगाडी उशिरा आली की स्टेशनमास्तरांशी भांडत, हे मला आठवले. त्या सकाळी त्यांचा चेहराही तसाच, भांडायला तयार असलेला होता.

मग आम्ही दोघे म्हातारे कामाला लागलो. जुना रंग पॉलिश पेपरने घासायचा, खड्डे पुट्टीने भरायचे, पुन्हा घासायचे. गॅरेजला ओल्या चादरी लावल्या, म्हणजे धूळ बसत नाही. गाड्या रंगवण्याच्या कारखान्यात तुझ्या बाबांनी उभे आयुष्य काढले, त्यामुळे हुकूम त्यांचे आणि हमाली माझी, अशी वाटणी आपोआप झाली. डब्यावरील सूचना मी मोठ्याने वाचून दाखवत असे. त्यांत कर्ता एकीकडे आणि क्रियापद भलतीकडे होते, मी पेन्सिलीने दुरुस्त केले, तेव्हा तुझे बाबा म्हणाले, "दादा, रंग त्यानं सुकत नाही रे लवकर."

त्या गाडीचे अंग पत्र्याचे आहे. मात्र पुढचा आणि मागचा बंपर मऊ प्लास्टिकचा आहे. अंगठ्याने दाबला तर दबतो, सोडला की पूर्ववत होतो. पत्र्याचा रंग त्यावर तसाच मारला, तर बंपर वाकतो आणि रंग वाकत नाही, म्हणून तडे जातात. त्यासाठी रंगात लवचीकपणा देणारे एक द्रावण मिसळावे लागते. "पत्रा तुझ्यासारखा," तुझ्या बाबांनी मला समजावले, "मरेपर्यंत ताठ. बंपरला जरा नमतं घेता येतं." मी म्हणालो, ताठ माणसांमुळेच घर उभे राहते. "हो, आणि पोचा आला की पुट्टी भरत बसावं लागतं," असे म्हणून ते इतके हसले की फवाऱ्याची गन खाली ठेवावी लागली. असे हसणे मी फार दिवसांनी ऐकले. ते दिवस चांगले होते. हे तुला कळलेले बरे.

द्रावण मिसळले की रंगाची छटा किंचित बदलते. म्हणून कारखान्यात तुझे बाबा नेहमी पत्र्याच्या एका तुकड्यावर रंगाचा एक आणि प्लास्टिकच्या तुकड्यावर दुसरा हात मारून दोन्ही उजेडात नेत आणि कोंबडीसारखी मान तिरकी करून पाहत. मालकाला जो फरक दिसत नसे, तो त्यांना दिसत असे आणि मालक वैतागत असे. या वेळी मात्र त्यांनी ते तुकडे माझ्या हातात दिले. "स्वल्पविराम बघून डोळे झिजवलेस जन्मभर, आता जरा घरच्या कामाला लाव." मला हा सन्मान वाटला, खारूताई. मी छाती पुढे काढून उजेडात गेलो. पहिल्या डब्यातला निळा हिरव्याकडे झुकत होता, तो मी नापास केला. दुसरा अचूक जुळला. तो डबा टेबलावर ठेवला, नापास डबा खाली.

दुसऱ्या दिवशी मी औषधे आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा दोन्ही बंपर रंगवून झाले होते. नापास डब्यातल्या रंगाने. गाडीचे अंग पावसाळी आभाळासारखे निळे आणि दोन्ही टोके शेवाळाच्या रंगाची. रस्त्यापलीकडून कुणाही माणसाला कळेल, असा फरक होता. तुझे बाबा मागे सरकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "बघ दादा, सांधा कुठं कळतोय का? एकजीव झालाय."

मी म्हणालो, नाही कळत.

चूक डोळ्यांसमोर असताना समासात खूण न करण्याची माझ्या आयुष्यातील ती पहिली वेळ. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर संध्याकाळी आले आणि "बंपर मुद्दाम वेगळ्या..." असे म्हणू लागले, तेव्हा मी त्यांच्या पायावर पाय दिला. भला माणूस, लंगडत घरी गेला, पण वाक्य पूर्ण केले नाही.

नंतर मी तुझ्या बाबांना समोर बसवून विचारले. आढेवेढे न घेता त्यांनी सांगितले, "मधलं गेलंय, दादा. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसं अडत नाही म्हणा, तुझं तोंड पाठ आहे." डॉक्टरांनी त्यांना हे कधीच सांगितले होते. मी हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. डोळ्यांचे पडदे झिजले आहेत, गेले ते परत येणार नाही आणि उरले आहे तेही जात आहे, एवढेच तेही म्हणाले. आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. तुला काही कळवायचे नाही, अशी शपथ परत येताना तुझ्या बाबांनी मला घातली. मी ती घेतली. हे पत्र म्हणजे ती मोडणे होय.

मोडावी लागली, त्याचे कारण परवाची सकाळ. "एक फेरी मारून बघू" म्हणून त्यांनी गाडी बाहेर काढली. वाट हातांना माहीत आहे, असे त्यांचे म्हणणे. मी शेजारी बसून डावीकडे, उजवीकडे, हळू, असे सांगत होतो. फाटकातून निघताना पुढचा बंपर खांबाला चांगलाच दाबला गेला. तुझे बाबा लहान मुलासारखे खाली उतरले आणि अंगठा फिरवत म्हणाले, "बघ! वाकला आणि परत आला. एक तडा नाही!" त्यांना माझ्या तोंडून शाबासकी हवी होती. मी मात्र खांबाच्या पलीकडे पाहत होतो. तिथे एक बाई आपल्या लेकराला छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी होती. मी तिची माफी मागितली. तुझ्या बाबांनी विचारले, "कुणाशी बोलतोयस रे?"

मी किल्ली लपवली. त्यांनी दुसरी काढली. ती आता त्यांच्या गळ्यात दोऱ्याला असते. मी रागावलो, विनवले, थोरलेपणाचा धाक दाखवला. "तिला एकदा आणू दे, मग गाडी वीक," एवढेच ते म्हणतात. रोज सकाळी गाडी पुसतात आणि तू कोणत्या गाडीने येणार, हे मला विचारतात.

म्हणून लिहीत आहे. तुझ्या येण्याचा दिवस त्यांना कळवू नकोस. विचारलेच तर पुढची तारीख सांग आणि आधी ये. स्टेशनावर त्यांची वाट न पाहता टॅक्सीने थेट घरी ये. आयुष्यात मी कुणाला खोटे बोलायला सांगितलेले नाही. तुला सांगत आहे, आणि तेही तुझ्या बाबांशी. तू दारात उभी राहिलीस की ते आवाजावरून तुला ओळखतील आणि म्हणतील, "कळवलं असतंस तर न्यायला आलो असतो ना गं." या वाक्यावर काय उत्तर द्यावे, याचा मी दोन दिवस विचार करत आहे. मला सुचलेले नाही. तुलाही सुचेल, असे वाटत नाही. तरी ये.

तुझाच आणि शपथ मोडूनही तुझ्या बाबांचाच,
थोरला काका