‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं

अहो स्पॅनिश पंडित,

फ्रिजवर ‘ला नेवेरा’ असं ठळक अक्षरांत लिहून चिकटवलंत, पण दार उघडून आत बघावंसं नाही वाटलं. दूध नासलंय, ते ओतून टाका. बाल्कनीतले कपडे घरात घ्या. कपड्यांना ‘रोपा’ म्हणतात हे कपाटावर तुम्हीच लिहिलंय, तेव्हा ओळखायला अडचण नको.

मी ताईकडे राहायला चाललेय. सकाळी सांगत होते, तर तुम्ही हात वर करून मला गप्प केलंत आणि ‘जाणे’ची रूपं घोकायला लागलात. वोय, वास, वा. जाण्याची सगळी रूपं तोंडपाठ, आणि बायको बॅग घेऊन दारातून गेली तरी पत्ता नाही!

त्या ‘मे गुस्ता’नं तर तुमचं डोकंच फिरवलंय. ‘आय लाइक टी’मध्ये मी कर्ता, मग स्पॅनिशमध्ये चहा कर्ता कसा, म्हणून माझ्यावर खेकसलात. अहो, ‘मला चहा आवडतो’ यात तरी कर्ता कोण आहे? जन्मभर जे बोलताय तेच इंग्रजी पुस्तकातून शिकायला बसलात, वर डोकं धरताय!

अर्थात, तुमचंही बरोबरच आहे. ‘मला आवडतं’ आणि ‘मला आवडत नाही’ एवढंच तुम्हाला येतं. ‘तुला आवडतं का?’ हे लग्न झाल्यापासून एकदाही तुमच्या तोंडून ऐकलं नाही.

तेवढं आधी मराठीत पाठ करा. जमलं की फोन करा.