फायनलच्या वेळेला चर्चा

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते.

गेल्या रविवारी फायनल आणि उमेदवारांची चर्चा एकाच वेळी लागली. आमच्या लाँड्रीत दोन टीव्ही शेजारी शेजारी, आवाज बंद. इस्त्रीच्या वाफेतून बघताना वाटलं, उमेदवारच बॉल टाकताहेत आणि खेळाडू हात हलवून मतं मागताहेत. चादरींच्या घड्या घालता घालता मी मनाने घरी पोचले, तुमचं रिमोटवरचं भांडण ऐकत बसले.

आज तुझं पत्र आलं. बाबांनी मुकाट्याने तुला चर्चा बघू दिली? फायनल सोडून? आई, त्यांची तब्येत बरी आहे ना? माझ्यापासून काही लपवू नकोस.

पुढच्या मॅचला रिमोट दडवून बघ. ते कडाडून भांडले की लगेच कळव, माझ्या जिवात जीव येईल.

तुझी,
धाकटी