टाच उचलून

आई,

टेनिसचे गुण कसे मोजतात हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही. पंधरा, तीस, मग पंचेचाळीस का नाही, चाळीस का, असं तू दर वेळी विचारायचीस आणि मी म्हणायचो, मलाही माहीत नाही. अजूनही नाही. आता मी अमेरिकेत, सांता क्लाराला असतो, पोरांना टेनिस शिकवतो, आणि तीही हेच विचारतात. बहुतेक पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या कंप्युटरवाल्यांची मुलं. मी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देतात. परवा मी त्यांना नेटकडे पाठ करून उकिडवं बसवलं. पाठीवर हात पडला की उठायचं, वळायचं आणि नेटपर्यंत पळायचं. एक मुलगी म्हणाली, "कोच, व्हाय आर वी सिटिंग? धिस इज टेनिस." जाळीबाहेर तिचे बाबा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली. "अरे यार, हा तर खो-खो. हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आईने. "वा, कुठे असतात त्या?" मी म्हटलं, नाहीत. ते सॉरी म्हणाले, मी इट्स ओके म्हणालो आणि क्लास पुढे चालू झाला. घरी आल्यावर वाटलं, तुला सगळं एकदा लिहावं. वाटलं म्हणजे काही दाटून वगैरे आलं नाही. वाटलं आणि बसलो.

मी चौथी संपवली आणि आपण सांगलीहून लेस्टरला आलो. बाबा बस चालवायचे, तू कारखान्यात मोजे पॅक करायचीस. घरामागच्या पार्कात कौन्सिलचं एक टेनिस कोर्ट होतं, फुकट. क्रिकेटला दहा पोरं गोळा करावी लागतात आणि माझ्या ओळखीचं तिथे एकही नव्हतं, म्हणून मी टेनिस खेळायला लागलो, दुसरं काही मोठं कारण नाही. संध्याकाळी तू कामावरून थेट तिथे यायचीस, साडीवर कोट, पायात बाबांचे जुने बूट, आणि बघत उभी राहायचीस. एक दिवस म्हणालीस, "हात चांगलाय रे तुझा, पण पाय झोपलेत." तू लग्नाआधी सांगली जिल्ह्याकडून खो-खो खेळलेली, हे मला तोवर ऐकून माहीत होतं, बघून नाही. त्या दिवशी बघितलं. तू मला गवतावर उकिडवं बसवलंस आणि मागून येऊन पाठीत अशी थाप दिलीस की मी तोंडावर पडलो. "टाच उचलून बस की. टेकून बसलास तर पडणारच. आणि हे बघ, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि मिळाला की मागे बघायचं नाही." मी मागे बघितलं होतं, तू का मारलंस ते बघायला. "कुणी दिला ते बघून काय करायचंय तुला? पळ." कुत्री फिरवायला आलेले म्हातारे थांबून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण पुढे क्लबातल्या कोचने मला विचारलंच, तुझे पाय कुणी घडवले म्हणून. मी सांगितलं नाही. मोजे पॅक करणारी, साडीवर कोट घालणारी आई, हे त्याला कसं सांगायचं कळेना.

इंग्लंडात मला कुणी विचारत नव्हतं. अमेरिकेतल्या कॉलेजने विचारलं. शिका आणि आमच्यासाठी खेळा. दोन हजार एकमध्ये मी ॲन आर्बरला गेलो, आणि सोबत राहायला मिळाले ते आपलेच, एम.एस. करणारे तीन मराठी मुलगे. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत तू आलीस. त्या स्वयंपाकघरात कुकर होता पण शिट्टी नव्हती, आणि तिघं त्याला झाकण ठेवायचं पातेलं समजून वापरत होते. तू आल्या आल्या पदर खोचलास. दुसऱ्या दिवशी माझी मॅच बघायला बर्फातून, कॅम्पसच्या बसने आलीस. कॉलेजचं टेनिस म्हणजे सहा कोर्टांवर एकदम सहा मॅच, बाजूला टीमची पोरं ओरडतायत, कोच हवं तेव्हा येऊन कानात सांगतोय. तुला ते फार आवडलं. "हे बरंय, आपली माणसं जवळ असतात," म्हणालीस. फक्त त्या सहांत मी नव्हतो. तू एवढा समुद्र ओलांडून आली होतीस आणि मी डोक्यावर टॉवेल टाकून बाकावर बसलो होतो. घरी आलो, तू भाकऱ्या थापायला घेतल्यास आणि तव्याकडे बघत विचारलंस, "कसा बसला होतास रे आज?"

"म्हणजे?"

"मसणात बसल्यासारखा."

"मग काय करू? खेळवलं नाही त्याने, नाचू का?"

"खो-खोत आम्ही पाटीवर आठजणी बसायचो. पळणारी एक. बसलेली बाई खेळत नसते असं वाटतं होय तुला? टाच टेकली की गेली ती खेळातून. बसायला येत नाही त्याला उठायला काय कप्पाळ येणार?" मी ताट सरकवून उठणार होतो. तेवढ्यात तिघांतला एक हळूच म्हणाला, "काकू, अजून एक भाकरी आहे का?" तू हसलीस आणि मी बसून राहिलो. पण पुढच्या मॅचपासून टॉवेल डोक्यावर घेतला नाही. बाकावर बसायचो, टाच उचलून. एका पोराचा खांदा दुखावला आणि मला घेतलं, आणि मग शेवटपर्यंत काढलं नाही. शेवटच्या वर्षी मी टीमचा पहिला खेळाडू होतो. तुला फोन केला तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "पहिला म्हणजे किती गुण?"

डिग्री झाल्यावर मी म्हटलं, आता धंदाच टेनिसचा करतो. तू विचारलंस, तिथे टीम असते का? मी म्हटलं, नसते. कोच? असला तरी मॅचमध्ये बोलायचं नसतं. "मग तुला खो कोण देणार रे?" मी हसलो. म्हटलं, आई, तिथे खो नसतो. "बघ बाबा," म्हणालीस. मग सुरू झालं ते हे गाव, ते गाव. खेळाडूंना ठेवून घेणारी घरं असतात, त्यांच्या मुलांच्या खोल्यांत, डायनासोरच्या चादरींवर मी झोपलो. दर रविवारी तुझा फोन. "खेळतोयस की बसलायस?" बहुतेक वेळा बसलेलो असायचो.

दोन हजार सहाचा उन्हाळा. दक्षिणेतलं एक तापलेलं शहर, पहिल्यांदाच मोठी स्पर्धा, आणि मी मुख्य स्पर्धेत जाण्याआधीच्या, पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलो. असं हरलेल्याला एक फट असते. सकाळी रेफरीकडे सही करून बसायचं, आतल्या कुणी माघार घेतली तर त्याच्या जागी आपण. लकी लूझर म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो आणि बाबांचा फोन आला. "आई गेली." तू कामावर निघाली होतीस, स्टॉपवर बसलीस, बस आली तरी उठली नाहीस. बस बाबांच्याच रूटची होती, चालवत दुसराच होता. बाबा टाइमटेबल वाचल्यासारखं सांगत होते. "इथे दहन आपल्यासारखं त्याच दिवशी नसतं. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळालीय. सावकाश ये." मी संध्याकाळचं विमान बुक केलं. खोली सोडायची होती, म्हणून बॅगा घेऊन क्लबवर गेलो. सही केली. रेफरीच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसलो. कुणाला काही सांगितलं नाही. मग आतल्या कुणाची तरी पाठ आखडली, आणि मागून माझ्या पाठीवर हात पडला. "यू आर इन. कोर्ट थ्री." मी उठलो.

ती मॅच मी जिंकलो. कशी, ते मला सांगता येणार नाही. पाय पळत होते, ते मला दिसत होते. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "पुढची कधी?" म्हटलं, परवा. म्हणाले, "खेळून ये. ती काही आता कुठे जात नाही." परवा हरलो आणि लेस्टरला आलो. तिथल्या स्मशानात पडदा असतो, तो सरकतो, बस. लोक रडले. मी खुर्च्या लावल्या, नंतर काढल्या. त्या एका विजयाने पुढचं सगळं उघडलं. रँकिंग वर गेलं, पात्रतेची फेरी खेळायला लागेना, पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या गवतावर मुख्य स्पर्धेत खेळलो, नावापुढे ब्रिटनचा झेंडा. पेपरात आलं, दुःख गिळून लढला म्हणून. मला गिळायला काही आलंच नव्हतं, आई. मी वाट बघत होतो येईल म्हणून. दोन हजार आठला गुडघा गेला आणि खेळ संपला, तेही तसंच, कुणी दुसऱ्याचं सांगावं तसं.

बाबा अजून सगळ्यांना सांगतात. पोरगा टाच उचलूनच बसला होता, म्हणतात, तिने जाता जाता खो दिला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात, मी मान हलवतो. तुला मात्र खरं सांगतो, हे पत्र टाकायचं नाहीच आहे तर. माझ्या टाचा जमिनीवर होत्या. मी कशाची वाट बघत नव्हतो, मला दुसरीकडे कुठे बसावं सुचत नव्हतं. आणि पाठीवर हात पडला तेव्हा, मागे बघायचं नाही असं तू एवढं बजावलेलं असताना, मी मागे बघितलं.

रेफरी होती.